श्यामकांतकाकांचा हात

नाही नाही, ती पिन तिकडे नको, लॅपटॉपच्या डाव्या बाजूला बघ — हां, लागला दिवा. आता तू बस निवांत, मी करतो सगळं. शनिवारची दुपार आहे, हल्ली सुट्टीच असते, ऑफिसात काळं कुत्रं नाही, ऑफिसांचा हा सगळा सेक्टर फाइव्ह घरी जेवून झोपलाय. चहा घेणार? मशीनचा आहे, तुला नाही आवडायचा, बागबाजारच्या बंगाली गल्लीत वाढलेल्या माणसाला मातीच्या भांड्यातलाच लागतो — बरं, राहू दे. टॅब्लेट छान घेतलास हं अनु. मोठा घेतलास ते तर फारच उत्तम, तुझ्या बाबांना मोठाच लागतो, काकांचा हात खांद्यापासून चालतो. चालायचा. माझ्यासारखं मनगटावर भागवणारा माणूस नव्हे तो. मी पहिल्यापासून आळशी, कोपर जागचं न हलवता काम झालं पाहिजे, त्यावरून किती बोलणी खाल्लीत मी त्यांची — 'अजेय, चित्र काढतोयस की डास मारतोयस?' सगळ्यांसमोर, हां! मजुमदारबाबूंसमोरसुद्धा. साहेबासमोर. जाऊ दे ते.

हे बघ, आधी पेनाचं टोक. मऊ ठेवायचं की कडक — म्हणजे किती दाबलं की किती जाड रेघ यावी, ते इथे ठरतं. काकांना मऊ. हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल, सात वर्षं मीच लावत होतो ना! शाळेच्या पुस्तकांतल्या आकृत्या त्यांनी कागदावर काढल्या, जन्मभर — हृदय, डोळा, उभं चिरलेलं जास्वंदीचं फूल — आणि पंचावन्नाव्या वर्षी कंपनीनं हातात हे प्लास्टिकचं पेन दिलं. दुसरा कोणी असता तर कुरकुरला असता. काका पंधरा दिवसांत शिकले. फक्त सेटिंगच्या वाटेला कधी गेले नाहीत, 'ते तुझं खातं, अजेय' म्हणायचे. मी लावायचं, त्यांनी काढायचं. कंपासशिवाय गोल काढायचे गं — नवीन पोरं लागली की आम्ही मुद्दाम काकांना सांगायचो, काढा काका, आणि मग तो गोल मोजायचो, आणि पोरांची तोंडं बघायचो. हं, हे वरचं बटण मी बंद करून टाकतो, अंगठा लागतो त्याला उगीच.

काय म्हणालीस? — हो, आहे ना तशी सोय. रेघ सावरायची. ही पट्टी सरकवली की मशीन आपणच थरथर पुसून टाकतं. बघ, मी मुद्दाम वेडंवाकडं ओढतो — आली ना सरळ? पूर्ण वर नेऊन ठेवू म्हणतेस? काकांना न सांगता? कळेल गं त्यांना. रेघ पेनाच्या मागून येते, जरा उशिरानं, बघ, अशी फरफटत. त्यांच्या लगेच लक्षात येईल की ही आपली रेघ नाही. बोलणार नाहीत काही, लेकीनं हौसेनं आणलंय म्हणून दोन दिवस काढतील, मग पलंगाखाली ठेवून देतील. तेव्हा किती थरथरतो ते कळलं तर तेवढंच लावू — डॉक्टरला दाखवायला व्हिडिओ काढलाय म्हणालीस ना चोरून? सोमवारच्या त्या मेंदूच्या डॉक्टरला? आण बघू.

हं. बँकेचा फॉर्म. — अरे देवा. काका किती वाळलेत. — हो, सहीला कापतोय खरा. चांगलाच कापतोय. आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात म्हणालीस. म्हणून पुढच्या महिन्यात बेंगळुरूला न्यायचं, घर सोडायचं. बरोबरच आहे तुझं, एकटं कसं ठेवणार... अगं सरकला पुढे, चुकून बोट लागलं. हा कसला? शर्टाचं बटण लावतायत? हा कधीचा, परवाचा? — थांब. थांब, परत लाव. सुई ओवली बघ त्यांनी. एका झटक्यात. चष्म्याशिवाय! अनु, हात कापणारा माणूस पहिल्या फटक्यात सुई ओवतो का?

नाही, मी डॉक्टर नाही. मला कुठे काय कळतं. पट्टी अर्धी ठेवतो, झालं.

नको. पट्टी नकोच ठेवूया.

अनु, तुला एक गंमत दाखवतो. गंमत म्हणजे — बघ तर. हा टॅब्लेटचा नकाशा. आत्ता पूर्ण पाटी चालू आहे. मी आता त्यातला एवढासाच भाग चालू ठेवतो, पोस्टकार्डाएवढा, तोच अख्ख्या पडद्याला पुरवायचा, आणि ही लांबी-रुंदीचं प्रमाण राखायची टिक काढतो. घे पेन. काढ गोल. काढ ना, लाजतेस काय. — आलं ना अंडं? परत काढ. हात जिथे थांबवलास तिथे रेघ थांबली नाही, पुढे गेली, हो ना? बारीकसा हलला हात तर पडद्यावर केवढा धक्का बसला? आता मला सांग, तुझ्या हाताला काही झालंय? काही नाही झालं. तुझा हात ठणठणीत आहे.

काकांचं तेच झालं होतं.

सांगतो ना. लॉकडाउननंतर अर्धी मशीनं काढून टाकली, एका मशीनवर दोघं बसायचे. ह्याच टेबलावर. काका सकाळी सातला यायचे, मी दुपारी दोनला. लॉगिन एकच. मला तो पोस्टकार्डाएवढा तुकडा लागायचा, काकांना पूर्ण पाटी. म्हणून घरी जाताना मी माझं काढून त्यांचं लावून जायचं, हा शिरस्ता. एका शनिवारी विसरलो. मंडळाच्या गणपतीची मीटिंग होती, घाईत निघालो. माणूस विसरतो की नाही? सोमवारी सकाळी काका आले आणि त्यांनी दहावीच्या पुस्तकातला डोळा काढला, आणि डोळ्याचं झालं अंडं. पुसलं, परत काढलं, परत अंडं. मजुमदारबाबूंनी पान परत पाठवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा काकांचं पान परत आलं. मला काय माहीत यातलं? मी दोनला आलो. मला कळलं ते गुरुवारी.

नाही — खोटं कशाला बोलू. सोमवारीच कळलं. दोन वाजता सेटिंग उघडलं, बघतो तर माझंच लावलेलं. जीभ चावली मी, उठलो, धावलो काकांना सांगायला. ते जिन्यात उभे होते, पिशवी घेऊन, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं — 'अजेय, मशीनचं काही नाही ना रे? नाचता येईना अंगण वाकडं असं व्हायला नको, म्हणून एकदाच विचारतो.'

आणि मी म्हणालो, नाही काका, मशीन ठीक आहे.

का म्हणालो? तीन वर्षं तेच विचारतोय स्वतःला. मजुमदारबाबू वरच्या पायरीवर होते हे खरं, चूक कबूल केली असती तर बोलले असते मला, तेही खरं. पण ते कारण नाही. आदल्याच आठवड्यात काकांनी माझी चार पानं परत केली होती. सगळ्यांसमोर. ही पोरं, ही हसत होती. आणि जिन्यात त्यांचा तो चेहरा बघून मला — कसं सांगू — बरं वाटलं. वाटलं, कळू दे की एक दिवस, पान परत येतं तेव्हा कसं होतं ते. एकच दिवस, मग उद्या सांगू, हसू दोघंही. असं मनात आलं होतं, शपथ.

संध्याकाळी निघताना मी पाटी पूर्ण केली. दरवाजापर्यंत गेलो. परत आलो आणि छोटी केली.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी तर जरा मोठी ठेवली, म्हणजे कधी जमेल कधी नाही जमणार, म्हणजे मशीनवर कुणाचा संशय जाणार नाही — बघ, डोकं कुठे चालतं माणसाचं! काका रोज अर्धा तास लवकर यायला लागले, हात गरम करायला. गोल काढत बसायचे, पानंच्या पानं गोल. दुपारी मी मशीन उघडलं की ते सगळे गोल दिसायचे मला, पुसायचेसुद्धा नाहीत. शनिवारी मजुमदारबाबूंनी मला बोलावलं, म्हणाले, 'श्यामदार हात गेछे' — हात गेला म्हणे श्यामदांचा — तू सेक्शन सांभाळशील? आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, काका आहेत तोवर कसं बोलू. साळसूदपणा बघ माझा.

पुढच्या सोमवारी मी सगळं पहिल्यासारखं करून ठेवलं होतं. पूर्ण पाटी, टिक लावलेली, टोक मऊ. आणि सकाळी मुद्दाम लवकर आलो बघायला. काका बसले, पेन उचललं, आणि हात कापला गं. खरंच कापला. पेन टेकायच्या आधीच. भीती बसली होती त्यांच्या मनात, त्या हातात रोग नव्हता. कागदावर काढून बघा म्हणालो, तर म्हणाले, घरी बघितलं, तिथेही तसंच. बुधवारी त्यांनी राजीनामा दिला. काकूंना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं, तू बेंगळुरूला. घरी बोलायला माणूस नाही. आणि निरोपाच्या दिवशी उभे राहून सगळ्यांना सांगितलं त्यांनी — ह्या अजेयनं माझं मशीन नीट ठेवलं म्हणून मी सात वर्षं काम करू शकलो. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी रडलो तर लोकांना वाटलं, केवढं प्रेम.

अशी बघू नकोस. मला माहीत आहे मी काय आहे ते. कराडहून एक बॅग घेऊन आलो होतो, स्टेशनवर घ्यायला काका आले, आठ महिने तुमच्या घरात राहिलो, तुझ्या खोलीत. काकूंच्या हातचं जेवलो. भाऊबीजेला तू ओवाळलंस मला. म्हणून तर दर दिवाळीला नेमकं काम निघतं माझं. आणि आज तू फोन करून म्हणालीस, दादा, बाबांचा हात तुझ्याइतका कुणाला माहीत आहे, तूच लावून दे. — नाही म्हणता आलं नाही. खरं सांगू? मनात होतं की ती पट्टी पूर्ण वर करून देईन, काकांची रेघ सरळ येईल, उद्या पासष्टावा वाढदिवस आनंदात होईल, आणि मी सुटेन. तू तो सुईचा व्हिडिओ दाखवला नसतास तर दिलाही असता मी तसाच. आणि मग घर सोडलं असतं त्यांनी, डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या असत्या, नसलेल्या आजारावर...

शिव्या दे. कानाखाली वाजव हवं तर.

कुणाला लावतेस? अनु, कुणाला — नको. अगं आत्ता नको. उद्या मी येतो ना घरी, समोर बसून सांगतो, पाय धरतो त्यांचे — फोनवर बोलायची गोष्ट आहे का ही? दुपारचे पडले असतील ते. अनु, ऐक. वाजतोय? मला नको देऊस, मला काय बोलायचं सुचणार नाही —

हॅलो. हां, काका, मी, अजेय. — हो, इथेच आहे अनु, समोर बसलीय. — नाही नाही, काही झालं नाही. सहज. जेवलात का? — हो, मीही. — काका, एक बोलायचं होतं. तुम्ही मला विचारलं होतंत, जिन्यात, तीन वर्षांपूर्वी, मशीनचं काही नाही ना म्हणून. आठवतं? — हां. तर मी खोटं बोललो. मशीनचंच होतं. तुमच्या हाताला काही झालं नव्हतं काका, आजही काही झालेलं नाही. सेटिंग मी बदललं होतं. आधी चुकून. मग मुद्दाम. आठवडाभर.

काका?

हॅलो, काका, ऐकू येतंय ना? — अनु, लागलाय ना गं फोन? लागलाय, सेकंद पुढे चाललेत. पंख्याचा आवाज येतोय तिकडचा. काका, काहीही बोला मला, जे तोंडाला येईल ते बोला, पण — काका? — अनु, तू तरी बोल.