गेरूत लोळवलेले वाल

...मूठभर वाल! प्रत्येक पोराच्या घरनं मूठभर वाल पाठवा, बोलली ती अंगणवाडीची द्वारकाताई, आणि आमची सून नम्रता लगेच डबा उघडून बसली की हो! मी बोललो, थांब गं, थांब जरा, तिला कशाला पायजेत वाल? तर सून बोलते, "बाबा, पोरं निवडणार हायत." निवडणार? चार-चार वर्षांची पोरं? आवो, आमची सोनाबाई, म्हणजे आमची घरवाली, लग्न झाल्यापासनं सूप घेऊन निवडतेय, तिला त्यासाठी कुणी शाळेत घातलं व्हतं का? गावभरच्या मुठी एका टोपल्यात ओता, किती वाल झाले? आणि ते जातात कुठं? तुमाला सांगतो, काय तरी काळंबेरं हाय!

तुमी बोलाल, दशरथ, मूठभर वालासाठी एवढा जीव का काढतोस? वालासाठी नाय हो... नातीसाठी! आमची चिंधी. कागदावर श्रद्धा, पण मी चिंधीच बोलतो, दृष्ट नको लागायला. घरात आजीच्या कानात कुजबुजंल, पण उंबऱ्याबाहेर पाय पडला की तोंडाला कुलूप! दुकानदार इचारतो, नाव काय गं तुजं, तर ही आजीच्या पदरात. पावणे आले, तर ही कणगीमागं. लोकं बोलायला लागली, "दशरथ, पोरगी मुकी हाय काय रं?" मी हसण्यावारी न्यायचो, पण काळीज तुटायचं माजं. बोललीच नाय तर पुढं कसं व्हायचं हिचं?

आणि शेजारी किशोरचा नातू, यज्ञेश! गळ्यात टाय, पायात बूट, दारात व्हॅन! कर्जतला इंग्रजी नर्सरीत जातो. पावणे आले की किशोर त्याला पाटावर हुबा करतो आणि पोरगा सुरू... ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल, धाडधाड धाडधाड! आता ॲपल दाखव बोललं तर टोमॅटो दाखवतो, ते सोडा. पण बोलतो तरी!

आणि आमची चिंधी अंगणवाडीतनं काय घेऊन येते? झग्याच्या खिशात वाळू! काय शिकवलं गं आज, तर गप. दुसऱ्या दिवशी परत वाळू! शेवटी गेलो मी द्वारकाताईकडं, बोललो, बाई, ए बी सी डी राहू द्या, अ आ इ तरी हाय का नाय तुमच्याकडं? तर ती कशी गोड आवाजात, "बाबा, ह्या वयात पोरं खेळातनंच शिकतात. मेंदू भराभर वाढतो हो त्यांचा. आज चिमटीत दाणा धरला तर उद्या पेन्सिल धरता येते. बोलंल चिंधी, घाई नका करू."

भराभर वाढतो? मग गेल्या थंडीतलं टोपरं अजून कसं बसतंय हिच्या डोक्याला? आणि एवढं गोड माणूस कधी बोलतं? तुमीच सांगा! काय तरी काळंबेरं हाय!

मग मी ठरवलं, हिला पकडायची. रंगेहाथ! तुळशीला लावून उरलेला गेरू व्हता घरात. घेतले वाल, घेतला गेरू, थोडं पाणी शिंपडलं आणि लोळवले की चांगले, लालेलाल! सोनाबाई बोलते, "आवो, येड लागलंय काय तुमाला? वाल कशाला रंगवताय?" मी खोकलो आणि बोललो, तू गप, तुला नाय कळायचं. पोरं काय निवडत नायत, बिरडं करून खाते ती द्वारकी! आता ज्या घरचं बिरडं लाल, तो चोर!

हाय का नाय डोकं? चिंधी तिथंच बसली व्हती, दाणे बघत. पण तिचं काय, ती कुठं बोलतीय कुणाला!

पुढं मी रोज द्वारकाताईच्या मोरीमागनं फेरी मारायचो. वास घ्यायचो. एकदा भाकरी, एकदा बोंबील, बिरड्याचा पत्ता नाय! मी बोललो, सावध झाली! लपवून खाते! काय तरी काळंबेरं हाय! तिकडं किशोरकडनं व्हॅनवाल्याला निरोप पण धाडला, आमच्या पोरीला जागा ठेव. आणि अंगणवाडीत पालकसभा लागली, तेव्हा बोललो, आज सगळ्यांदेखत सोक्षमोक्ष! पोरीला हात धरून बाहेर काढायची आणि द्वारकीला उघडी पाडायची!

गेलो. गावातल्या आया आणि आमची सोनाबाई, सगळ्या चटईवर, पोरं मधी, आणि पोरांच्या पुढं काय? वाल! काळे एका झाकणात, पांढरे एका झाकणात, किडके बाजूला, आणि... एका झाकणात लाल. माजे! जसेच्या तसे हो, एक कमी नाय! पायाखालची जमीनच सरकली की! मी आपला हळूच दाराकडं सरकतोय, तेवढ्यात द्वारकाताई इचारते, "पोरांनो, हे लाल वाल येगळे का ठेवले रं? कुठले हे?"

सगळी पोरं एकमेकांकडं बघतायत. आणि आमची चिंधी उठली.

उठली! मला वाटलं, आता आजीकडं पळतीय. कुठली! झाकण उचललं, कमरेवर हात ठेवला, अगदी माज्यासारखा, आणि भर सभेत खणखणीत आवाजात, "हे आमच्या घरचे! आजोबांनी गेरूत लोळवले! आजी बोलली, येड लागलंय काय तुमाला, वाल कशाला रंगवताय, तर आजोबा बोलले, तू गप, तुला नाय कळायचं. पोरं काय निवडत नायत, बिरडं करून खाते ती द्वारकी! आता ज्या घरचं बिरडं लाल, तो चोर!"

एक शब्द गाळला नाय हो! माजा खोकला पण काढून दाखवला, जिथल्या तिथं!

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर. सोनाबाईनं पदर तोंडावर घेतला. आणि मला कळंना, आता जमिनीत शिरू का नाचू? बोलली हो माजी पोरगी! एवढ्या लोकांत, न अडखळता! डोळ्यांत पाणी आलं माज्या, लाजेचं का आनंदाचं ते नका इचारू. द्वारकाताईनं तिला कडेवर घेतलं, तिचे पण डोळे भरलेले, आणि माज्याकडं बघून बोलते काय, "बाबा, या की एकदा घरी. लाल बिरडं करते." पुन्हा तोच गोड आवाज!

व्हॅनवाल्याला कळवलं, जागा नको. काय करणार? पोरगी अंगणवाडी सोडायला तयार नाय, आणि आता बोलायची थांबत नाय! दुकानात हुबी राहून सांगते, आजोबांची तंबाखू तांदळाच्या डब्यात हाय. पावण्यांना सांगते, तुमी आलात की आजोबा बोलतात, आले परत खायला! जेवायला बसलो की, "आजोबा, हात धुतले? साबण लावला? दाखवा!" हे सगळं द्वारकीनं मुद्दाम तर नसंल शिकवलं? मला तर अजून...

तर बाबांनो, हे आपल्यातच राहू द्या, कुणाला सांगू नका, असं बोलणार व्हतो मी. पण काय उपयोग! ती बघा, दारात हुबी हाय... कमरेवर हात ठेवून.