मुंजाजी मामांचं वाईन कार्ड

...आणि वरून म्हणतात, "लाजू नका पाव्हणं, तुमच्या पसंतीनं मागवा!" आता मला सांगा, ज्याने उसाच्या रसापुढं आयुष्यात काही तोंडाला लावलं नाही, त्याची कसली आलीय पसंती? पण समोर मुंजाजी मामा. दीपमालाचे सख्खे मामा, पोलिसातले निवृत्त जमादार, आणि तिला बघायला आलेला कोणता पोरगा ठेवायचा, कोणता घालवायचा, ते शेवटी हेच ठरवणार. म्हणजे दीपमाला मला मिळणार की नाही, ते हॉटेलातल्या त्या टेबलावर ठरणार होतं! मी आपला हसलो. मामा काही हसले नाहीत.

तुम्हाला सांगतो, मला आधीच सावध केलं होतं. दीपमालानेच. बघायला गेलो तेव्हा पोह्यांची ताटली हातात देता देता हळूच म्हणाली, "मामा तुमाला हाटेलात नेतील. संभाळून." म्हटलं, संभाळून म्हणजे? तर म्हणे, "आदी तिघं जाऊन आलेत." बस्स, आत निघून गेली! त्या तिघांचं काय झालं ते हे स्थळ आणणाऱ्या सिंधुआत्याने सांगितलं. पहिल्याने व्हिस्की मागवली, मामा म्हणाले, बेवडा. दुसऱ्याने लिंबूपाणी मागवलं, मामा म्हणाले, लबाड. तिसरा हात जोडून म्हणाला, "तुमी घ्याल तेच मला," तर मामा म्हणाले, ह्याला स्वतःचं डोकंच न्हाई. तो तिसरा पुण्याला कंपनीत गेला, तो गावात परत दिसलाच नाही... आता उरलं काय मागवायचं? तुम्हीच सांगा!

आणि हॉटेल तरी कसलं? माजलगावच्या बाहेर नवीन प्लॉटिंग पडलंय, घरं चार, बाकी नुसते हद्दीचे दगड, आणि त्यांच्या मधोमध हे 'स्टेक हाऊस'. स्टेक म्हणजे काय, तर कोंबडीचा हा एवढा तुकडा, रस्सा नाही, भाकरी नाही, सोबत सुरी! भर दुपारी आत अंधार, काळ्या काचा, लाल दिवे, आमच्याशिवाय एक गिऱ्हाईक नाही, आणि मामा त्या सुरीची धार अंगठ्यावर बघतायत, सावकाश... काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "सुरी चांगलीय, मामा." मामा हसले नाहीत.

मग वाईनचं कार्ड उघडलं. नववीत शाळा सोडलेला माणूस मी, इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचतो, पण ही नावं जोडली तरी तोंडात बसेनात. खाली मराठीत माहिती दिलेली. 'काळ्या मनुक्यांचा गोडवा, चामड्याची किंचित छटा.' चामड्याची! पुढं वाचतो तर 'ओल्या मातीचा आणि जुन्या लाकडाचा गंध.' अहो, माती, लाकूड आणि चप्पल माणूस विकत घेऊन कशाला पिईल? तेवढ्यात वेटर. "सर, ड्राय देऊ?" म्हटलं, ड्राय म्हणजे कोरडी? "न्हाई सर, ओलीच असती. फकस्त कोरडी लागती." घ्या! मी डोळे मिटून एका ओळीवर बोट ठेवलं.

बाटली आली. वेटरने ग्लासात घोटभर ओतली आणि म्हणाला, "सर, आदी तुमी बघा, पास करा, मग वाढतो." पास करा! चव घेतली तर बेवडा, नाही घेतली तर लबाड... मामांनी सुरी खाली ठेवली. हॉटेलात एवढी शांतता की माझाच घोट मला ऐकू आला, आणि तोही कोरडा.

आता मी गुऱ्हाळावरचा गुळव्या. काहिलीत रस उकळत असला की आम्ही तो चाखत नाही, तोंड भाजेल. वास घ्यायचा, थेंब थंड करून दोन बोटांत चोळायचा, त्यावरून गूळ कधी उतरवायचा ते ठरतं. हात आपोआप गेला हो! ग्लास नाकाजवळ नेला, थेंब चोळला, आणि चार माणसांत तोंड न उघडणारा मी बोलून गेलो, "आंबलंय हे. कवाची उघडलीय, आन् उन्हात ठिवलीय." वेटर पांढरा पडला. मालक धावत आला, वास घेतला, म्हणाला, "खरंय साहेब, खिडकीत राहिलती." दुसरी आणली. म्हटलं, "हिच्या बुचाला बुरशी लागलीय." बूच बघितलं, तर बुरशी! तिसरीला म्हणालो, "ही जमली. उतरवा आता."

जिभेला थेंब लागला नव्हता! मी छाती काढून मामांकडं बघितलं, आणि मामा हसले. पहिल्यांदाच. न हसलेलेच बरे होते.

"पाव्हणं," म्हणाले, "वीस वर्षं मी घेतोय, मला ह्यातलं कायबी कळलं न्हाई. तुमी नुसत्या वासावर वळखलं. म्हंजे तुमी किती ढोसत असाल!"

"मामा, मी गुऱ्हाळावर..."

"गुऱ्हाळावर रातच्याला काय काय काढतेत, ते जमादाराला सांगता का? पोरगी मिळायची न्हाई."

मी उठलो. मामांनी खांद्यावर हात ठेवून परत खाली बसवलं. "बसा. पोरगी न्हाई म्हनलं. बसायला न्हाई म्हनलं का?"

तुम्हाला सांगतो, चार रविवार झाले, मी वास घेतोय आणि मामा पितायत. नाही म्हणायची माझी हिंमत नाही. आणि परवा काय म्हणाले? "नवनाथ, ह्या रविवारी दीपमालाला बघायला नवं पोरगं येतंय. तुमी त्याच्या अगदी जवळ बसा. पितंय का न्हाई, तेवढं वासावर सांगा. तुमच्या नाकावर आपला लई भरवसा हाय."

काय करणार? येतो म्हणालो. आता तो खरंच पीत नसला तर मला तसंच सांगावं लागणार, खोटं बोलायला आपल्याला जमत नाही. म्हणून तीन दिवस गार पाण्याने डोकं धुतोय, निदान सर्दी तरी व्हावी... पण छे, नाक साफ मोकळं!