शफीभाईंच्या पडद्यावर रुईचं माहेर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वाचनालयाच्या कारभाराची दोरी गेली आठ वर्षं हाती धरणाऱ्या माननीय दीपमालाताई, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती, आपले ग्रंथपाल शेख शफी, त्यांच्या शेजारी खुर्चीच्या अगदी काठावर बसलेल्या सिताराभाभी, समोर जमलेले अकोटकर वाचक, आणि जे वाचक नाहीत पण पंख्याखालची जागा मिळते म्हणून रोज वर्तमानपत्र हाती धरून बसतात, ती सगळी सभ्य मंडळी, सर्वांना ओमप्रकाश चऱ्हाटेचा नमस्कार.

मी छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे एकदा उभा राहिलो की बसवणं अवघड, हे आयोजकांना ठाऊक असूनही त्यांनी मला बोलावलं, याबद्दल त्यांच्या धाडसाचं आधी कौतुक करतो.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी शफीभाईंच्या एकतीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला. त्यांनी बांधून घेतलेली जुनी पुस्तकं, मुलांसाठी सुरू केलेला विभाग, सगळं खरं आहे. मी मात्र माझ्या घरात काय घडलं, तेवढंच सांगणार आहे. माझी पत्नी शकुन तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेतली आहे. तिने एकच अट घातली, "सांगाचं असन तं पुरं सांगा. माही चूकबी सांगा अन् तुमचीबी." तेव्हा मंडळी, आज इथे दोन गुन्हेगार हजर आहेत.

आमचा मुलगा जीवन कापडाच्या धंद्यातला इंजिनीयर. कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी चीनमधल्या शाओशिंगला पाठवलं. तिथल्या गिरणीच्या ऑफिसात काम करणाऱ्या एका मुलीशी त्याने लग्न ठरवलं आणि आम्हाला फोन केला. शकुनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काहून रे, वऱ्हाडातल्या पोट्ट्या संपल्या का?"

पोट्ट्या संपल्या नव्हत्या, पण लग्न झालं. दोघं इकडे आली. जीवन नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात लागला आणि त्यांनी अमरावतीत घर केलं. सूनबाईचं नाव रुई. खरा उच्चार थोडा निराळा आहे, पण कापसाच्या गावात 'रुई' म्हटल्यावर दुसरा उच्चार करणार कोण? नावापुरती ती पहिल्या दिवशीच आमची झाली. अडचण नावाच्या पुढे होती.

सासू-सुनेचं पहिलं वर्ष अतिशय शांततेत गेलं. भांडायलासुद्धा दोघींची मिळून एक भाषा लागते ना! रुई शनिवारी यायची, शकुनसोबत मळ्यात जायची, झेंडू तोडायची, वांगी तोडायची, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायची. काम चोख. पण बोलणं नाही, हसणं बेताचं. शकुन म्हणायची, "पोट्टी वाईट नाही. पन मनात काय चालू आहे, काईच समजत नाही बाप्पा."

मग रुईच्या आईच्या हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन ठरलं आणि रुई माहेरी जायला निघाली. वडील आधीच वारलेले, आई एकटी. हे ऐकून शकुन विरघळली. ती स्वतः एसटीने अकोल्याला गेली आणि भिंतीवरचं एक सुरेख घड्याळ घेऊन आली. म्हणाली, "एकट्या बाईच्या घरात टिकटिक असली म्हंजे सोबत वाटते." सांगा, यात वाईट काय होतं? आपल्याकडे लग्नात पाच घड्याळं येत नाहीत असं एक तरी घर आहे का?

निघायच्या दिवशी रुई अकोटला आमचा निरोप घ्यायला आली, तेव्हा शकुनने ते तिच्या हातात दिलं. रुईने कागद उघडला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली, घड्याळ बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली. गाडी गेली. शकुन ओट्याजवळ उभीच. "माह्या हाताचं देनं तिनं उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं," एवढंच म्हणाली आणि मळ्यात निघून गेली.

जीवनने फोन करून समजवायचा प्रयत्न केला. "आई, तिकडे घड्याळ देत नाहीत, ते अशुभ..." शकुनने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "बायकोची बाजू घेऊन राहिला काय?" म्हणून फोन ठेवला. आता माझी चूक ऐका. जीवनने तेच मला सांगितलं, तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. एका शिकलेल्या मुलीने असं वागावं? मी रुईला अंधश्रद्धा आणि वैज्ञानिक दृष्टिकोन या विषयावर दीड पानाचा संदेश पाठवला. आई ऑपरेशनच्या टेबलावर असलेल्या मुलीला! हे मी कोण? तर अमावस्येला विहिरीची मोटर दुरुस्त करायला नको म्हणणारा माणूस.

ऑपरेशन सुखरूप झालं. दोन महिन्यांनी रुई परत आली, पण अकोटला आली नाही. जीवन एकटाच यायचा, जेवायचा, जायचा. दिवाळीही तशीच गेली. फराळाचा डबा शकुनने भरला, पण "सुनेला दे" हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत. मला वाटू लागलं, आता हे घर असंच दोन ठिकाणी राहणार.

अशातच एक दिवस मी वाचनालयात बसलो होतो. शफीभाई जवळ आले आणि म्हणाले, "सर, पाऊन घंटा झाला, तुमी एकच पान पाहून राहिले." मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, माह्याजवळ सल्ला नाही. पिच्चर आहे. रविवारी दुपारी वहिनीले घेऊन या."

शफीभाईंना माहितीपटांचा नाद आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुठल्या देशातले कोळी, कुठले मेंढपाळ, सगळे आपल्या याच दालनात पडद्यावर येऊन गेलेत. पण त्या रविवारी प्रेक्षक दोनच. पहिला माहितीपट चीनच्या मोठमोठ्या इमारतींवर निघाला. अर्ध्यातच शकुन म्हणाली, "शफीभाऊ, मले सिमेंट पाहाले बलावलं काय?"

शफीभाईंनी कान पकडले. "चूक झाली वहिनी. पुढच्या महिन्यात पुन्हा या."

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो. या वेळी पडद्यावर एक लहानसं गाव होतं. मधून कालवा, काठावर जिन्याखाली एक खोपट्याएवढं दुकान आणि दुकानात घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा. त्याची म्हातारी डबा घेऊन येते, तो जेवत नाही, ती रागावते. खाली इंग्रजीत अक्षरं यायची आणि शफीभाई ती आपल्या बोलीत वाचून दाखवायचे. "आता ते बाई म्हनते, थंडं झाल्यावर खासान काय?" शकुन हसली. म्हणाली, "हे तं आमच्याच घरचं आहे."

मग दुकानात एक तरुण आला. मावशीच्या साठाव्या वाढदिवसाला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं आहे, छान बांधून द्या, म्हणाला. म्हाताऱ्याचे हात थांबले. शफीभाई वाचू लागले, तेव्हा त्यांचाही आवाज हळू झाला. "बुढा म्हनते, बेटा, हे मी बांधून देनार नाही. आपल्या भाषेत घड्याळ भेट देनं अन् मरनाऱ्याले शेवटचा निरोप देनं, दोन्ही बोलाले सारखंच ऐकू येते. मावशीच्या हातात तू काय ठेवून राहिला, ते पाह्य."

मग शकुन म्हणाली, "थांबवा जी. मांगं घ्या. थो बुढा काय म्हने, पुन्हा सांगा."

शफीभाईंनी पुन्हा लावलं. तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. आणि मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "म्हंजे ऑपरेशनले चाललेल्या बाईले मी मरनाचं आवतन पाठवून राहिली होती. पोट्टीनं तं फक्त बाहेर ठेवलं. मी असती तं फेकून देल्लं असतं."

मला त्या वेळी शफीभाईंचा थोडा रागच आला. तुम्हाला हे ठाऊक होतं, तर सरळ सांगायचं ना! तर म्हणाले, "मी सांगतलं असतं तं वहिनी म्हनल्या असत्या, जीवननं पढवून पाठवलं. तिथल्याच एखाद्या मानसाच्या तोंडून ऐकू येऊ द्या म्हटलं." तो एक म्हातारा सापडावा म्हणून या गृहस्थाने सव्वीस माहितीपट पाहिले होते. सिताराभाभींनी मला नंतर सांगितलं, "भाईसाब, महिनाभर घर में चीनीच चालू थी. बेटी बोली, अब्बा, अब तो सब्जीवाला भी समझने लगा होगा."

त्या म्हाताऱ्याने पुढे एक तोडही सांगितली होती. चुकून घड्याळ दिलंच गेलं, तर घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं. मग ती भेट राहत नाही, खरेदी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही अमरावतीला निघालो. शकुनच्या मांडीवर पिशवी, पिशवीत तेच घड्याळ. मी म्हटलं, "अगं, ते पुन्हा कशाला नेतेस?" म्हणाली, "तुमी चूप बसा. तुमचं दीड पान झालं लिहून."

रुईने दार उघडलं. शकुनने पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली, स्वतः आत गेली आणि सुनेपुढे तळहात पसरला. "एक रुपया दे."

रुईने आधी सासूच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिची नजर पिशवीवर गेली, पुन्हा तळहातावर आली, आणि ती दारातच खाली बसली. मंडळी, दीड वर्षात त्या मुलीच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं. ती रडत म्हणाली, "आई, मी खूप भ्याली. माझी आई ऑपरेशनला जात होती. मला सांगायचं होतं. मराठी आली नाही."

शकुन तिच्याजवळ खालीच बसली. "मलेबी मालूम नव्हतं माय. उठ. रुपया दे आधी."

आता खरी पंचाईत. घरात नाणंच नाही! दोघंही सगळा व्यवहार फोनवर करणारी. रुई डोळे पुसत म्हणाली, "फोनवरून पाठवू?" शकुन म्हणाली, "नाई. वाजनारा पाह्यजे." मी खिशातून रुपया काढला, तर सूनबाईंनीच मला अडवलं. "बाबा, तुमचा नको. देणाऱ्याच्या घरातला रुपया चालत नाही." शेवटी समोरच्या घरातल्या आकांक्षाकडून एक रुपया उसना आणला, तेव्हा कुठे तो सौदा पार पडला आणि घड्याळ घरात गेलं.

मीही त्या संदेशाबद्दल सुनेची माफी मागितली. तिने सांगितलं, "बाबा, ते मी वाचलं नाही. खूप मोठं होतं." विद्यार्थ्यांनी जे मला छत्तीस वर्षं सांगितलं नाही, ते सूनबाईंनी एका वाक्यात सांगितलं.

त्यानंतर रविवारच्या खेळांना रुई स्वतः येऊ लागली. चीनमधल्या लोकांवरचे माहितीपट लागले की खालची इंग्रजी अक्षरं चुकीची आहेत म्हणून ती शफीभाईंशी वाद घालायची. ते म्हणायचे "काकू", ती म्हणायची "काकू नाही, आत्या!" गर्दी वाढत गेली. शेजारच्या जाईबाई एकदा बाहेर पडताना म्हणाल्या, "मले वाटे ते लोक येगळेच असतीन. पन सासू सुनेले टोमना तं तिथंबी जेवनाच्या डब्यासंगच देते."

मग एका रविवारी रुई शफीभाईंना म्हणाली, "चाचा, माझी आई विचारते, तू कुठे राहतेस, तिथले लोक कसे आहेत. तिच्यासाठी असा माहितीपट कुठे आहे?" शफीभाईंनी चष्मा पुसला. "नाही ना बेटा. बनवा लागन."

आणि त्यांनी बनवला. चार महिने, स्वतःच्या मोबाईलवर. शकुन पहाटे फुलं तोडते आहे, रुई चुलीपुढे भाकर थापते आहे आणि ती फाटते आहे, मी विनाकारण मध्ये मध्ये येतो आहे, असा तो पंचवीस मिनिटांचा माहितीपट. खाली चिनी अक्षरं रुईने लिहिली. मागच्या महिन्यात तिच्या आईने तो शेजारच्या बायकांना घरी बोलावून दाखवला आणि नंतर आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉल केला. तब्येत उत्तम आहे त्यांची. त्यांनी विचारलं, एवढा झेंडू लावता, तो खाता का? शकुनने सांगितलं, नाही जी, देवाले वाहतो. पलीकडे बायकांमध्ये बरीच चर्चा झाली.

मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. रुईने उत्तर दिलं, त्या समाधानाने मान हलवू लागल्या. आम्हाला काहीच कळलं नाही. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होत्या?"

रुई म्हणाली, "आईने विचारलं, सगळे दिसतात, पण एक माणूस दिसत नाही. फक्त त्याचा आवाज येतो. तो सगळ्यांना बोलतं करतो आणि स्वतः हसतो. तो कोण आहे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, तो आमच्या घरातला मोठा माणूस आहे."

शफीभाई, नोकरीतून उद्या तुम्ही मोकळे होणार. पण सूनबाईने हे जे पद तुम्हाला दिलं आहे, त्यात निवृत्तीची तरतूद नाही, याची नोंद घ्यावी. सिताराभाभी, हा माणूस इतकी वर्षं आम्हाला वापरू दिलात, त्याबद्दल तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. अध्यक्षांनी आणि आपण सर्वांनी माझं घरगुती पुराण इतक्या आपुलकीने ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलता बोलता कुणाचा उल्लेख राहिला असेल, किंवा सूनबाईच्या भाषेतलं काही मी उलटसुलट सांगितलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावं आणि रुईने घरी गेल्यावर दुरुस्त करावं.

धन्यवाद.