काडेपेट्यांचा स्तंभालेख

नाही नाही, मॅडम, काढून टाका असं मी म्हणतच नाहीये — तसले शब्द माझ्या तोंडी घालू नका — मी फक्त म्हणतोय, जागा बदला. दारातून माणूस आत आला की समोर हेच. तिकडे कपाटामागे एक बाक रिकामा आहे, मी आत्ताच बघून आलो, उजेड जरा कमी आहे, पण चालेल की, आलेखाला एवढा उजेड लागतो कशाला? आणि हे बघा, मी काही प्रदर्शनात येऊन नाक मुरडणारा पालक नाही. गणितातलाच माणूस आहे, इतकी वर्षं क्लास चालवतोय, कापा-चिकटवा-रंगवा ह्याचं मला कौतुकच आहे. आमच्याकडे आम्ही हे करत नाही, आमच्याकडे मुलं गणितं सोडवतात, पण ते असो. तुम्हीही माझ्याच क्लासला होतात ना? माझ्या लेकीची आई म्हणाली. तरीच म्हटलं, चेहरा ओळखीचा — म्हणजे खरं सांगायचं तर चेहरा नाही आठवत, एवढी मुलं येऊन जातात. दोन महिन्यांत सोडलात? का बरं? शंका विचारायला मिळायच्या नाहीत? अहो, शंका शेवटी, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम आहे. शेवटी, वेळ उरला तर.

बरं, मुद्द्यावर येतो. तुम्ही मुलांना सांगितलंत, घरात पुन्हापुन्हा घडणारी एखादी गोष्ट निवडा, आठवडाभर ताळ्याच्या खुणा करून मोजा आणि टाकाऊ वस्तूंचा स्तंभालेख उभा करा. उत्तम. काही म्हणणं नाही. आता बाकीच्यांनी काय निवडलंय बघा — ह्या मुलानं दाराची बेल मोजलीय, बाटल्यांच्या बुचांचे खांब केलेत, वाकडे आहेत पण गोड आहेत. त्या पलीकडच्या मुलीनं मांजर ओट्यावर किती वेळा चढलं ते मोजलंय. सभ्य विषय. मांजराची काही तक्रार नाही. आणि माझी लेक, एकुलती एक, गणितात हुशार, अगदी माझ्यावर गेलेली — ती काय निवडते? ‘बाबांची वाक्यं’. तेही लाल शाईत, खाली दुहेरी रेघ. रिकाम्या काडेपेट्यांना घोटीव कागद लावलाय, एक पेटी म्हणजे बाबा एकदा बोलले. हा निळा खांब ‘आईला विचार’, हा हिरवा ‘हळू, फोन चालू आहे’, हा पिवळा ‘सोपं तर आहे’ — आता ‘सोपं तर आहे’ हे मी तिचा धीर वाढावा म्हणून म्हणतो, पण आलेखात तसं दिसत नाही. आणि हा लाल. ‘नंतर’. हा तर उभा राहीना म्हणून खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलाय. तुम्ही बांधलीत ना सुतळी? पडू द्यायचा होता की. पडला असता तर आपसूक प्रश्न मिटला असता.

हसू नका. बाहेर रांग लागलीय, बघितलीत का? शिपायानं दार धरून ठेवलंय म्हणून, नाहीतर एव्हाना आत आले असते. त्यातले निम्मे माझे पालक आहेत — म्हणजे माझ्या क्लासच्या मुलांचे. ते जाडजूड गृहस्थ दिसतायत ना, ते बेकरीवाले. त्यांची जुळी पुढच्या बॅचला यायची आहेत, सोमवारपासून नावनोंदणी. आणि माझ्या क्लासच्या पाटीवर काय लिहिलंय माहितीय? ‘प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष’. मोठ्या अक्षरांत, चौकातून वाचता येतं. आता माणूस ती पाटी वाचणार, इथं येणार, हा लाल खांब बघणार आणि म्हणणार, ह्या गृहस्थाला घरात एक मुलगी आहे, एकच, तिच्याकडे बघायला वेळ नाही, तो माझ्या दोघांकडे काय बघणार? माझी भाकरी आहे हो त्या पाटीवर. लोकांना काय, चघळायला एक विषय मिळाला की पुरे.

आणि शास्त्रीय दृष्टीनं बघायचं झालं, तर हा आलेख टिकतच नाही. कुठला आठवडा घेतलाय हिनं? सराव परीक्षेच्या आधीचा. त्या आठवड्यात कुठलाही शिक्षक ‘नंतर’च म्हणणार, तुम्हीसुद्धा म्हणाल. सुट्टीतला आठवडा घ्यायचा, दोन्हींची सरासरी काढायची. सुट्टीत? सुट्टीत आमचे खास वर्ग असतात, ते वेगळं. दुसरं, प्रमाण. एका पेटीला एक वेळ कशाला? एका पेटीला पाच वेळा धरा, हा खांब कमरेइतका खाली येतो, कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रमाण लिहून टाकायचं, कुणी वाचत नाही. खोटं नाही ते, पुस्तकात दिलेलं आहे. मी तिला सांगितलंही असतं, पण तिनं विचारलं कुठं? विचारायला आली होती, नाही असं नाही — हातात चिकटपट्टी घेऊन उभी होती दारात, बाबा, पेट्या सरळ राहात नाहीत, धरता का म्हणाली — आणि मी काय म्हणालो ते आता तुम्हाला समोर दिसतंच आहे.

सगळ्यात मोठा गाढवपणा सांगू? हे घडताना मी बघत होतो. मी फोनवर असायचो, ती शेजारी खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, मांडीवर पाठकोरा कागद, आणि मी काही बोललो की पेन्सिलनं एक रेघ. मला वाटलं, सराव चाललाय. मला अभिमान वाटला, मॅडम. फोनवरच्या पालकांना मी सांगितलंसुद्धा, मुलगी बघा, टीव्ही बंद करून बसलीय. एकदा तर कागदात डोकावलो, तिनं पाच उभ्या रेघा मारल्या होत्या. म्हटलं, अगं, पाचवी आडवी मारायची, म्हणजे गठ्ठे मोजायला सोपे. तिनं विचारलं, का पण? म्हटलं, नंतर सांगतो. तिनं मान डोलावली आणि शहाण्यासारखी आणखी एक रेघ मारली. माझ्याच विरुद्धचा पुरावा मीच नीटनेटका करून दिला.

म्हणून मी एक तोड आणलीय. ह्या पिशवीत बारा पृष्ठभागांचं एक मॉडेल आहे, पुठ्ठ्याचं, आमच्या क्लासच्या कपाटावर असतं, कोपरेबिपरे अगदी चोख. हे ठेवा इथं, तिच्या नावानं, आणि हा आलेख कपाटामागे. तिनं नाही केलेलं, बरोबर आहे, पण प्रदर्शनात सगळ्यांचं सगळं त्यांनीच केलंय असं तुम्ही म्हणू नका, त्या कोपऱ्यातला लाकडी तराजू दहा वर्षांच्या मुलानं केला असेल तर मी उद्यापासून क्लास बंद करतो. नाही? तत्त्वात बसत नाही? बरं. राहिलं.

एक मिनिट. हे काय आहे? इथं कडेला पाचवी चिठ्ठी चिकटवलीय आणि वर काहीच नाही. खांबच नाही. थांबा, चष्मा — ‘मग काय झालं?’ हे कुणाचं वाक्य? हे माझं नाही. हे हिच्या आईचं वाक्य आहे. जेवायला बसलो की हिची टकळी सुरू होते — मधल्या सुट्टीत काय झालं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यावर कावळा बसला — आणि आई कामात असली, कपाळाला हात लावून बसलेली असली, तरी म्हणते, मग काय झालं? आणि ही पुढचं सांगते. मी तिथंच असतो ना. समोरच. पेपर तपासत असतो. पण ते आईचं, तर माझ्या आलेखात कशाला? मी जे म्हणतच नाही ते —

हो. कळलं. माहितीय मला, मला कशाला शिकवताय, शून्य ही पण नोंद असते. मीच शिकवतो. खांबाची उंची शून्य असली तरी आडव्या अक्षावर जागा सोडा, नाव लिहा, नाही लिहिलं तर मी मार्क कापतो. सोडलीय बघा तिनं जागा. पट्टी ठेवून सोडलीय, चारही खांबांत जेवढं अंतर तेवढंच इथं. म्हणजे आठवडाभर कागदावर हा रकाना उघडा ठेवला होता तिनं. वाट बघत होती, पेन्सिल घेऊन. मला वाईट वाटलं, मॅडम, तुमच्यापाशी कशाला लपवू. त्या लाल खांबाचं काही नाही, तो सगळ्या बापांचा तेवढाच निघेल. ह्या रिकाम्या जागेचं वाईट वाटलं.

एक पेटी देता का? ह्या टेबलाखाली पिशवीभर उरल्यात, त्यातली एक. एकच ठेवू. आठवडाभरात एकदा तरी म्हणालो असेन की मी, हिला ऐकू गेलं नसेल, भांड्यांच्या आवाजात. आठवडा संपला? नोंदी बंद? कमालीच्या कडक आहात हो तुम्ही. माझ्या क्लासला दोन महिने होतात तेवढ्यात एवढं शिकलात?

उघडलं शिपायानं दार. आले सगळे. आणि बघा, बेकरीवाले सरळ इकडेच, जुळ्यांना पुढे घालून. मी जरा असा खिडकीकडे सरकतो, तुम्ही बोलत राहा माझ्याशी, काहीही बोला. ती आली आमची लेक, हातात छडी घेऊन, दोन वेण्या करकचून बांधल्यात आज. दाखवतेय. निळा दाखवला. हिरवा दाखवला. लालपाशी आली — काय म्हणतेय? ‘बाबांना खूप काम असतं’ म्हणतेय. चांगलं सांगितलं, शाबास, असंच सांग. बेकरीवाले हसतायत, म्हणजे मनावर घेतलं नाही त्यांनी. निभावलं, मॅडम, निभावलं बहुतेक. आता त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं त्यांनी. हा का रिकामा, विचारतायत.

माझ्याकडे बघितलं तिनं. बघितलंत? आधी माझ्याकडे बघितलं, आणि मग — ऐकलंत काय म्हणाली ते? ‘पेट्या संपल्या, तो खांब करायचा राहिला.’ अहो, पेट्या टेबलाखाली आहेत, तिच्या पायाला लागतायत. खोटं बोलली. माझ्यासाठी बोलली, मला वाचवायला, आणि तुमच्यादेखत, मार्क देणार तुम्ही हे माहीत असताना. आता तुम्ही अपूर्ण म्हणून कापणार, नाही का? कापू नका. तो राहिलेला नाही, तो झालेला आहे, सगळ्या आलेखात बरोबर तर तोच आहे, इतका बरोबर खांब माझ्या क्लासच्या एका पोराला काढता यायचा नाही. पोरीनं कष्टानं केलेलं बरोबर गणित लोकांसमोर चूक म्हणून सांगितलं. नाही, हे मी नाही चालवून घेणार. सांगतो त्यांना मी, आत्ता सांगतो, काय व्हायचं ते होऊ दे, थांबा —

नमस्कार, नमस्कार. या ना. हो, माझीच मुलगी. हो, आहे हुशार, पण — हो ना, राहिला तो खांब. काय सांगू तुम्हाला, घरी सारखा ओरडतो मी, वेळेत पूर्ण कर, अर्धवट काम घेऊन शाळेत जाऊ नकोस, पण हल्लीची मुलं ऐकतायत कुठं. क्लासची गोष्ट निराळी. तिथं माझं लक्ष असतं, एकेकाकडे. तुमच्या दोघांचं नक्की समजू ना मग? सोमवारी या, सकाळीच या, गर्दी व्हायच्या आत. हो हो, बघा तुम्ही, तो तराजू बघा, सुरेख केलाय.

असं काय बघताय, मॅडम? खरं तेच सांगायला गेलो होतो मी. तोंडातून दुसरंच आलं. तिनं ऐकलं का? एवढ्या गोंगाटात ऐकू गेलं नसेल. उभी कुठं होती ती, पाठमोरी होती ना? — काय करतेय ती तिथं वाकून? चिठ्ठी काढतेय. ती पाचवी चिठ्ठी नखानं सोलून काढतेय, मॅडम. कशाला काढतेय? म्हणावं राहू दे. तुम्ही म्हणा, तुमचं ऐकेल ती. पुस्तकाप्रमाणे जागा ठेवावीच लागते, तसं सांगा. नाही? मीच जाऊन सांगू?

बरं. जरा वाट द्या मला. क्लासची वेळ झालीय.