घेतली नाही ती सुई

मी जो काही आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, यशोदाक्कामुळे, हे आधी लिहून घ्या, बाकी मागून सांगतो. इकडं कन्नड मुलखात, मंडी मोहल्ल्यात आमचं शिंपीकाम, घर पिढ्यान् पिढ्या विठ्ठलाचं, कॉलेजात गेलेला मी पहिला. तम्मा, तू वाच, मी शिवते, असं म्हणत अक्कानं लोकांचे ब्लाउज शिवून धाकट्या भावाला बी.ए. केलं, तिचं लग्न राहिलं ते राहिलंच.

ख्रिस्ती कसा झालो विचारता ना? अय्यो, काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटतं चमत्कार झाला असेल. काही झाला नाही. आई मिशनच्या दवाखान्यात होती, तिथली म्हातारी नर्स रोज तिचे पाय चेपायची, प्रार्थना करायची, आणि आई गेलीच. मी म्हटलं, तुमच्या देवानं ऐकलं नाही की. ती म्हणाली, ऐकलं बाळा, तोही इथंच रडत होता. ते बोलणं मला सुटेना. दोन वर्षांनी बाप्तिस्मा घेतला.

आमच्या घरची रीत अशी, की एकादशीला विठ्ठलाची अंगी शिवायची आणि प्रत्येकानं एक टाका घालायचा, तान्ह्या पोराचासुद्धा हात धरून घालतात. बाप्तिस्म्याच्या वर्षी वडिलांनी, अप्पांनी, सुई ओवून माझ्यापुढं धरली. मी हात पाठीमागं घेतले, सगळ्यांसमोर म्हटलं, दगडाला कपडे कशाला? काका ओरडला, नोडी, शिकलेला साहेब बघा! अप्पांनी सुई आपल्या कॉलरला खोचली. मी त्याच दिवशी घर सोडलं, मला वाटलं हाच विश्वास. पुढं अप्पा वारले, खांदा द्यायला मला कोणी बोलावलं नाही, मी गल्लीच्या टोकाला उभा.

आता हूटगळ्ळीत एकटा राहतो. रविवारी चर्चमध्ये अप्पांसाठी प्रार्थना करतो, उत्तर येत नाही, तरी करतो. परवा कळलं, अक्काची नजर अधू झाली, घरात दुसरं कोणी उरलं नाही, अंगी तिला एकटीलाच शिवायची. तिला लिहिलं, बोलणं मराठी, अक्षर कन्नड, आम्हा दोघांना तसंच येतं:

अक्का, टाका मी आजही घालणार नाही, तुझ्याशी खोटं बोलवत नाही. पण अप्पांच्या हातातली सुई घेऊन तुझ्या हातात देता आली असती. दिली नाही, तो विश्वास नव्हता, माज होता, आणि तो मला येशूनं शिकवला नव्हता. तुला सुई ओवायला दिसत नाही म्हणे. एकादशीला येतो. सुया मी ओवून देईन, टाके तू घाल. दार उघडायचं की नाही, ते तुझ्यावर. तुझा तम्मा.