कापश्याच्या पोटापायी

माझं माहेर चारठाण्याचं, दिलं इथं पालमला, गिरणीवाल्याच्या घरात. आधी सासरे गिरणी चालवायचे, आमी त्यांला मामा म्हणतो, त्यांचे गुडघे गेले तवापासून मी चालवते, मालक शेतात असतेत. ज्वारी दळली, गहू दळला, डाळी भरडल्या, कशाचा कंटाळा केला न्हाई, पण ह्या एका सशानं मला जेवढं बेजार केलं ना, काय सांगू तुमाला, दोन बाळंतपणात बी एवढी बेजार झाले नव्हते.

ससा आणला पोरीनं, परभणीच्या बाजारातून, पांढराफेक, म्हणून नाव कापश्या. न मंग ती गेली शिकायला, ससा माझ्या गळ्यात. त्याच वक्ताला आमच्या आत्याबाई गेल्या, म्हंजे सासूबाई. मामा बाजेवर भिताडाकडं तोंड करून पडायचे, ताट ठेवलं की सरकवायचे. एक दिस कापश्यानं बाजेवर उडी मारली न ताटातली भाकर कुरतडायलाय, तर मामा हसले! तवापासून दोघं एका ताटात, एक घास मामाचा, एक सशाचा. मी म्हणलं, कसं का हुईना, जेवायलेत ना, आपण बोलायचं कशाला.

मंग काय, सुरूच झालं. भाकर, वरणभात, गूळ, चहात बुडवलेलं बिस्कूट. वरून ही गिरणी! दळण घेऊन आलेली बाई मूठभर दाणे टाकल्याबिगर जाईना, कुणी गहू टाकायलीय, कुणी हरभऱ्याची डाळ. म्हणायच्या, मुकं जनावर हाय वैनी, खाऊ द्या की. अवो, मुकं हाय म्हणूनच तर! पोट दुखायलंय म्हणून ते सांगणार हाय का तुमाला?

एक दिस सकाळी खोक्यात लेंडीच न्हाई. रोज मीच झाडते, मला कळणार न्हाई तर कुणाला? ससा कोपऱ्यात अंग आखडून, दात करकर खात बसलेला, गुळाला बी तोंड लावंना. मामा म्हणले ओव्याचं पाणी पाज, शेजारीण म्हणली बेंबीला हिंग लाव, आता सशाची बेंबी मी कुठं हुडकू? एक म्हणली उपास घडू दे, आपोआप मोकळं हुईल. मी कुणाचं ऐकलं न्हाई, टोपल्यात घातला न जनावराच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टरला सवय म्हशी-शेरड्याची, आधी हसले, मंग पोट चाचपलं न हसायचे थांबले. वळखीच्या डॉक्टरला फोन लावून इचारलं, सुया दिल्या, कातडीखाली सलाईन दिलं. म्हणले बाई, सशाचं पोट चालतं राहिलं पायजे, उपास घडवला तर हातचा जाईल, त्येला उलटी बी करता येत न्हाई. काय काय घालता? मी सांगत गेले न डॉक्टर कपाळाला हात लावत गेले. म्हणले वाळलं गवत घाला, दिवसभर गवत, थोडा हिरवा पाला, साफ पाणी. दाणा बंद, गोड बंद, भाकर बंद. घरी आणून समदा दिवस मी मांडीवर घेऊन बसले, डॉक्टरनं सांगितलं तसा पाला वाटून, पातळ करून थेंबथेंब पाजला, गिरणी बंद, बायका डबे घेऊन दारात उभ्या. दुसऱ्या दिशी बारीक बारीक लेंड्या पडल्या न मला रडूच आलं. लेंड्या बघून रडणारी बाई बघितलीय का तुमी कुठं?

पण खरी तकलीफ तर पुढंच. वाळलं गवत म्हणल्याबरोबर मामा भडकले. लेकरागत जनावर न त्येला काय कडबा टाकायलीस? ताट सरकवलं न म्हणले, त्येला गवत तर मला बी काई नको. आता सांगा! सशाला चारावं तर ससा मरतंय, न चारावं तर म्हातारं. मी बी चिडले, म्हणलं मामा, तुमच्या मायेनं मरंल ते.  तर मामा हळूच म्हणले, तुझ्या सासूला शुगर होती, डॉक्टरनं गोड बंद केलं, मी बी पाळलं. शेवटाला गुळाचा खडा मागायची. दिला न्हाई मी. न गेलीच की ती.

 डोळ्याला पाणी आलं. मंग जाऊन वाळल्या गवताची पेंडी आणली न मामाच्या हातात दिली, म्हणलं मामा, खाऊ घालणं बंद न्हाई करायचं, दिवसभर घालायचंय, निस्तं हे घालायचं. कापश्या आला, हातातली काडी वढली न कुरुकुरु खायला लागला. ती काडी सरली, मामांनी दुसरी धरली. लय येळानं म्हणले, आण ताट.

आता बघा, मामा काठी टेकत बांधावर जातेत, गवत आणतेत, वाळवतेत, एकएक काडी निवडतेत. गिरणीत पीठ कमी न गवत जास्ती झालंय, झाडून झाडून माझी कंबर गेली. कुण्या बाईनं दाणा टाकला की मामा वरडतेत, दळण माघारी ने म्हणतेत, गिऱ्हाईक माझ्यावर फुगतंय. न रोज सकाळी चहा ठेवला की इचारतेत, पडल्या का? मी पडल्या म्हणल्याबिगर कपाला हात लावत न्हाईत, चहाचं पाणी होतंय. वैतागले बघा मी. पण देवापुढं हात जोडले की तोंडातून हेच निघतंय, बाबा, सशाच्या लेंड्या पडत राहू दे न आमचं म्हातारं जेवत राहू दे.