टोपीखालचे चिंचोके

आख्ख्या आष्टीत माझ्याएवढी तिसरी कुणाची पक्की न्हाई. तीन वर्षं तिच्यातच बसलो, मंग मास्तरच थकले!

अशा विद्वानाची नात मुक्ता पहिलीत. काय शिकली विचारलं, की रोज एकच, "चिंचोके खेळलो." एक दिवस डोकं फिरलं. शाळेत जाऊन शबानाबाईला म्हणलं, "पोरीचा दाखला द्या. खेळायला आमचं आंगण काय वाईट हाय? परतूरच्या इंग्रजी शाळेत टाकतो तिला."

मुक्ताचं तोंड रडवेलं झालं. बाई म्हणल्या, "देते काका. तोवर बसा की गोलात."

पोरं चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावून राह्यले होते. बाईची पाठ वळली अन् माझे हात शिवशिवले. मुक्ताच्या ढिगातली चिमूटभर उचलून टोपीखाली सारली. म्हणलं, बघू तर खरं, काय शिकवलं बाईनं.

मुक्तानं ढिगावर बोट फिरवलं. "बाई, माझे सातच राह्यले. तीन आबानं घेतले."

"खोटं बोलती! दोनच घेतले," मी म्हणलं, अन् जीभ चावली.

बाईनं नुसता हात पुढं केला. टोपी काढली तसे चिंचोके टपटप पडले. आख्खा वर्ग ओरडला, "एक! दोन! तीन!"

हसू दाबून बाईनं विचारलं, "मंग काका, लिहू का दाखला?"

मी तोंड उघडायच्या आत मुक्ता उठली. "बाई, माझं नाव राहू द्या, आबाचं बी लिहून घ्या. त्याला चोरता येतं, पण मोजता येत न्हाई."